गप्प बसणारी मुलं नजरेतून सुटतात
'तासभर गेम खेळत बसतो, मग त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा यांची समस्या) कसा असेल?' असं या चर्चेत वर दोघांनी विचारलंय. ते मला पटत नाही. आवडीच्या गोष्टीत एडीएचडी असलेली मुलं इतकी गढून जातात की हाक मारलेली ऐकू येत नाही. लक्षच नसतं असं नाही, ते हवं तेव्हा हवं तिथे वळवता येत नाही.

आणि सगळी चर्चा धावणाऱ्या, खुर्चीवरून सारख्या उठणाऱ्या मुलांभोवतीच फिरतेय. माझी मुलगी वर्गात एकदम शांत, तक्रार कधीच नाही. पण वहीत पहिली चार गणितं बरोबर, पाचवं अर्ध्यावर सोडलेलं, सहाव्यात बेरजेऐवजी वजाबाकी. सकाळी एक मोजा पायात, दुसरा हातात, अशी दहा मिनिटं बसून राहायची. 'आळशी' म्हणून मी तिला किती ओरडले, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. निदान झालं तेव्हा ती ९ वर्षांची होती. चंचलपणा नसलेला, फक्त लक्ष न टिकण्याचा प्रकार. मुलींमध्ये तो बऱ्याचदा उशिरा कळतो, कारण त्यांचा कुणाला त्रास होत नाही. डॉक्टरांनी तिच्या बाईंकडूनही प्रश्नावली भरून घेतली, कारण लक्षणं घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आणि कमीत कमी ६ महिने दिसावी लागतात, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून. कान-डोळे तपासले, झोपेचंही विचारलं, कारण तिथे बिघाड असला तरी मूल असंच वागू शकतं. तपासणीला जाताना जुन्या वह्या जरूर सोबत न्या, आम्हाला त्यांचा फार उपयोग झाला.