अलाइनमेंटच्या आधी जोड तपासा

तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही स्टेअरिंग ढिलंच, म्हणजे अलाइनमेंटचं मशीनच खराब, असं एकाने लिहिलंय ते पटत नाही. मशीन उभ्या गाडीचे कोन मोजतं. टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा लोअर आर्मचं बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) झिजलं असेल तर कागदावर आकडे बरोबर येतात आणि पहिल्याच खड्ड्यात चाक पुन्हा सरकतं. माझ्या २००७ च्या गाडीचं हेच झालं. सोलापुरात होटगी रोडवर स्टेअरिंग दोन बोटं फिरवलं तरी गाडी ढिम्म, पुणे हायवेला तर सतत सावरत राहायचं. जॅकवर चाक उचलून हलवलं तर काहीच सापडेना. शेवटी सात रस्त्याजवळच्या एका मिस्त्रींनी चाकं जमिनीवरच ठेवली, मला आत बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली झोपून एकेका जोडावर तळहात ठेवत गेले. उजव्या टाय रॉड एंडला 'टक्' हाताला लागली. त्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटलेला, आत ग्रीसऐवजी आपल्या सोलापूरची धूळ! पेडलजवळचा स्टेअरिंग कॉलमचा (स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचा) जॉइंटही असाच तपासा, तो हमखास राहून जातो. आधी पार्ट बदला, मग अलाइनमेंट.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.