तोंड उघडा, जीभ वर करा: मानसोपचार वॉर्डात ही तपासणी सगळ्यांचीच हवी का?

रात्रपाळी
मी मानसोपचार वॉर्डात सिस्टर आहे. गोळी दिली, पाणी पाजलं की तोंड उघडायला लावायचं, जीभ वर, मग गोळी लपवली नाही ना म्हणून दोन्ही गाल आतून बघायचे. प्रत्येक पेशंटचे, प्रत्येक डोसला. माझं म्हणणं, ही सरसकट तपासणी बंद करा. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचीच करा आणि शंका कशावरून आली ते केसपेपरवर लिहा.

जो माणूस आपणहून दाखल झालाय त्यालाही आपण पहिल्याच दिवशी लबाड धरून चालतो. बरं, ज्याला गोळी टाळायचीच असते तो वरच्या हिरडीमागे ठेवतो, नाहीतर गिळून लगेच संडासात जाऊन ओकतो. सापडतो तो नवखा. या सगळ्यात गोळी का नको वाटते हे विचारायला वेळच उरत नाही. हॅलोपेरिडॉलने मान आखडते, ओलान्झापीनने वजन वाढतं, क्लोझापीनने रात्रभर लाळ गळून उशी भिजते आणि पोट साफ होत नाही. हे कळलं तर डोस, वेळ, प्रसंगी औषधही बदलता येतं. जीभ बघून यातलं काय कळणार?

जुनीजाणती
साफ चूक. तुम्ही चार्टवर ‘दिली’ लिहून सही करता आणि तो रोज थुंकतोय. राउंडला डॉक्टर बघतात, फरक नाही, डोस वाढवा. परत फरक नाही, परत वाढवा. डिस्चार्ज झाल्यावर घरी आई समोर बसून गोळ्या घ्यायला लावते, तेव्हा तो वाढवलेला डोस पहिल्यांदा खरोखर पोटात जातो. आणि क्लोझापीन? ४८ तासांहून जास्त खंड पडला तर ते पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं. थेट जुना डोस दिला तर रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. खंड पडलाय हेच तुम्हाला ठाऊक नसेल तर काय करणार?

दुसरं म्हणजे साठा. जीव द्यायचा विचार मनात असलेला पेशंट ॲमिट्रिप्टिलीन किंवा लिथियमच्या गोळ्या उशीच्या खोळीत जमवतो. शंका येईपर्यंत जीव घेण्याइतक्या जमलेल्या असतात. तुमची ‘शंका आली तर’वाली तपासणी तिथे उशिराच पोचते.

खिडकीकडचा_पलंग
मी त्या पलंगावर होतो, म्हणून बोलतो. मी गोळी गालात धरायचो. कारण एकच, ती घेतली की पायांना चैन पडायची नाही. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं. रात्री वॉर्डात येरझाऱ्या घालायचो आणि चार्टवर लिहिलं जायचं ‘पेशंट अस्वस्थ, आजार वाढलेला’. मग आणखी एक इंजेक्शन. त्या बेचैनीला अकाथिसिया म्हणतात, ती औषधानेच येते आणि त्यावर उपाय असतो, हे मला फार नंतर एका दुसऱ्या सिस्टरने सांगितलं. तोंड रोज तपासलं गेलं. पायांबद्दल कुणी विचारलं नाही.

थोरला_भाऊ
तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण माझा धाकटा भाऊ आजारी असताना ‘का नको?’ विचारलं तर उत्तर यायचं, ‘तुम्ही विष घालताय’. तिथे गप्पा मारून काय होणार? आम्ही घरच्यांनी त्याला दाखल केलं ते एवढ्यासाठीच की औषध पोटात जाईल. तेवढं तरी नक्की करा. नाहीतर सगळ्यांना रक्ताची तपासणी लावा, कोण खोटं बोलतं ते आपोआप कळेल.

मात्रा_मोजणारी
दादा, फार्मसीत काम करते म्हणून इथे थांबवते. सगळ्याच औषधांचं प्रमाण रक्तात नेमाने मोजत नाहीत. लिथियमचं मोजतात, नेहमीच्या उपचारात ते साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात आणि नमुना शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचा असतो. वेळ चुकली तर आकडा फसवतो. क्लोझापीनची तर वेगळीच तऱ्हा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत ते भराभर संपवतं. वॉर्डात सिगारेट बंद झाली की त्याच डोसवर प्रमाण चढतं, घरी जाऊन पुन्हा सुरू केली की उतरतं. उतरलेला आकडा बघून ‘हा गोळ्या थुंकतोय’ म्हणाल तर प्रामाणिक माणूस बदनाम होईल.

आणखी एक, विषय निघालाच आहे तर. गिळल्याची खात्री हवी म्हणून गोळी कुटून पाण्यात देतात ते आधी फार्मसीला विचारल्याशिवाय करू नका. सावकाश विरघळणारी लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटची गोळी कुटली की दिवसभराचं औषध एका दमात सुटतं. ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांच्या तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या लपवणं फार अवघड.

थोरला_भाऊ
मग सरळ महिन्याचं इंजेक्शन द्या ना. रोजची कटकटच नको.

रात्रपाळी
पेशंटला चालत असेल तर जरूर. पण गोळीचा त्रास झाला तर उद्याची थांबवता येते, महिन्याचं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. ओलान्झापीनच्या लांब मुदतीच्या इंजेक्शननंतर तर पेशंटला किमान ३ तास नजरेखाली ठेवावं लागतं, कारण क्वचित औषध एकदम रक्तात उतरून गाढ गुंगी येते.

जुनीजाणती ताई, साठ्याचा मुद्दा मान्य. आत्महत्येचा धोका लिहून ठेवलाय त्याची तपासणी मी कधीच सोडणार नाही. बाकीच्यांचं काय?

जुनीजाणती
बाकीच्यांचं हे, की आठ जणांना सोडून दोघांना जीभ वर करायला लावलीत तर सगळ्या वॉर्डाला कळतं ते दोघे कोण. सरसकट तपासणीत निदान कुणाच्या कपाळी शिक्का बसत नाही. आणि रात्री एकटी सिस्टर असताना कुणावर शंका घ्यायची हे ठरवत बसायला सवड कुणाला आहे?

खिडकीकडचा_पलंग
शिक्क्याचं खरं आहे. मला एकट्याला बाजूला घेतलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून ओकायला लागलो असतो. तपासा सगळ्यांना, माझी हरकत नाही. पण ट्रॉली पुढे ढकलण्याआधी कालच्या गोळीने काय झालं ते विचारा.

रात्रपाळी
विचारीनही. पण आमच्या औषधाच्या चार्टवर ‘दिली’ आणि ‘नाकारली’ एवढेच रकाने आहेत. पाय थांबत नाहीत हे लिहू कुठे?

जुनीजाणती
नर्सिंग नोट्समध्ये. आणि राउंडला डॉक्टर ते पान उलटत नाहीत म्हणून तिथेच उभं राहून मोठ्याने वाचा. मी वाचते. एकदोघांना राग येतो, येऊ दे. तपासणी मात्र सोडणार नाही.