सल्ला हवा: गीझरचा प्लग तापतो, मीटरच्या आकड्यांवरून दोष कुठे ते कसं ओळखायचं?

ऐरोली_से५
गीझर २००० वॅट, २३० व्होल्टचा. डीबीपासून (घरातल्या मेन स्विचबोर्डापासून) सॉकेट साधारण १५ मीटर, वायर अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची. गीझर बंद असताना सॉकेटवर २२६ व्होल्ट, चालू केल्यावर २१८. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) ८.२ अँपिअर दाखवतो. कॉइल बदलावी का?

ओहमवाला
कॉइलला हात लावू नका, ती ठणठणीत आहे. व्होल्टला अँपिअरने भागा: २१८ ÷ ८.२ = २६.६ ओहम, हा कॉइलचा रेझिस्टन्स. लेबलवरून काढलं तरी तेच येतं: २३० × २३० ÷ २००० = २६.४५. पॉवर २१८ × ८.२ = १७८८ वॅट. ती २००० पेक्षा कमी दिसते कारण व्होल्टेज कमी आहे. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घटते.
खरा प्रश्न त्या पडलेल्या ८ व्होल्टचा. गीझर चालू ठेवून डीबीत एमसीबीच्या (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आउटपुटला किती व्होल्ट मिळतात?

ऐरोली_से५
बंद असताना २२६, चालू असताना २२४.५.

ओहमवाला
म्हणजे डीबी ते सॉकेट ६.५ व्होल्ट गळतात. अडीच एमएमचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००८ ओहम. जाऊन-येऊन ३० मीटर धरले तर ०.२४ ओहम, म्हणजे २ व्होल्ट. उरलेले साडेचार कुठल्यातरी सैल जोडात जातात. ४.५ × ८.२ = ३७ वॅट! पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता भिंतीतल्या डबीत. गीझर तोवर वापरू नका.

कळवा_वायरिंग
हा जोड मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शोधायला जाऊ नका. अर्ध्या ओहमचा फरक प्रोबच्या स्वतःच्या रेझिस्टन्समध्येच बुडतो, शिवाय थंड जोड पुष्कळदा चांगलाच दिसतो. लोड (म्हणजे इथे गीझर) चालू ठेवून व्होल्ट मोजायचे: स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या फेज टर्मिनलमध्ये. चांगल्या स्विचवर व्होल्टचा अगदी किरकोळ अंश मिळतो. उघड्या फेजचं काम आहे, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि प्रोबची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे आधी बघायचं. तिथे असताना फेज-न्यूट्रलला प्रोब लावले तर थेट शॉर्ट होतो.
क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. पूर्ण केबलभोवती लावला तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं.

ऐरोली_से५
वायरमनने मोजलं, स्विचवर ३.८ व्होल्ट. एका टर्मिनलजवळचं इन्सुलेशन तपकिरी झालंय.

कळवा_वायरिंग
सापडलं. ३.८ × ८.२ = ३१ वॅट एकट्या स्विचमध्ये. कॉन्टॅक्ट घासून तो पुन्हा वापरू नका, २० अँपिअरचा डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बसवा. जळकी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची, टर्मिनलच्या खोलीइतकीच सोलायची, सगळ्या तारा आत गेल्याच पाहिजेत. चार तारा बाहेर राहिल्या की तिथूनच पुन्हा तापायला सुरुवात. उरलेला पाऊण व्होल्ट बहुधा सॉकेटच्या ढिल्या पकडीत आहे, तोही १६ अँपिअरचा नवा घ्या.

ओहमवाला
नंतर त्याच लोडवर परत मोजा. डीबीत २२४.५ असताना सॉकेटवर २२२ च्या वर, आणि साधारण ८.४ अँपिअर यायला हवेत. हीच रीत फ्रिज-एसीला जशीच्या तशी लावू नका. तिथे व्होल्ट × अँपिअरला पॉवर फॅक्टरनेही (त्यातला किती भाग खरी पॉवर आहे ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणावं लागतं.