मदत हवी आहे: वसाहतीचे अंतर्गत रस्ते नगरपालिकेकडे सोपवताना निवेदनात काय मागावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीतले रस्ते नगरपालिकेने ताब्यात घ्यायचे की नाही, हा विषय लवकरच तिच्या सर्वसाधारण सभेपुढे येतोय. रहिवाशांचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांनी आपल्या भागात हे करून घेतलंय, किंवा पालिकेच्या बांधकाम विभागात काम केलंय, त्यांनी कृपया सांगावं.

ले-आउट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा, रीतसर मंजूर आहे. विकसकाने शेवटचा प्लॉट विकला आणि तो निघून गेला, रस्ते हस्तांतरित केलेच नाहीत. कागदोपत्री रस्त्याची जागा अजून मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. त्यामुळे खड्ड्यांची तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं: रस्ता आमच्या नोंदवहीत नाही, त्यावर खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. नियमाला धरून ते बरोबर असेल. पण घरपट्टी आम्हीही इतरांसारखीच भरतो, आणि पाऊस लागला की रुग्णवाहिका आत येत नाही, आजारी माणसाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागतं. हे असंच चालू ठेवणं मला मान्य नाही.

प्रस्तावावर विभागाचा शेरा आहे की रहिवाशांनी आधी स्वखर्चाने रस्ते मानकाप्रमाणे करून द्यावेत, मग ताब्यात घेण्याचा विचार करू. अशी अट जगावेगळी नाही, हे मी वाचून पाहिलं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३०५ खाली खासगी रस्ता सपाट करणं, त्याचं खडीकरण करणं, गटार काढणं ही कामं लगतच्या मालकांकडून करून घेता येतात, आणि ती समाधानकारक झाली की कलम ३०६ खाली रस्ता सार्वजनिक जाहीर होतो. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार स्थानिक संस्था असा रस्ता स्वतः दुरुस्त करून खर्च लगतच्या मालकांकडून वसूल करू शकते. तिथे वाटणी मुळात ज्याच्या घराची जितकी लांबी रस्त्याला लागते त्या मानाने होते, कोणाला किती लाभ होतो तेही विचारात घेता येतं. आमच्याकडे भांडण नेमकं याच वाटणीवरून आहे. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता, म्हणून त्याने दुप्पट द्यायचे का? आणि बंद गल्लीच्या टोकाला राहणारा माणूस तर सगळा रस्ता वापरतो, त्याची लांबी मात्र सगळ्यांत कमी भरते. मला स्वतःला प्लॉटमागे समान वर्गणी बरी वाटते. लांबीचा हिशोब काटेकोर आहे, पण त्यावर एकमत होणार नाही.

दुसरा पेच फाटकाचा. काही शेजाऱ्यांना रस्ता पालिकेने करावा असं वाटतं, पण फाटक आणि दारासमोरची गाडीची जागाही हवी आहे. दोन्ही एकदम मिळत नाही. रस्ता सार्वजनिक झाला की तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा. हे लोकांना आत्ताच स्पष्ट सांगावं की ठराव झाल्यावर? लपवून सह्या घेणं मला पटत नाही.

प्रतिसाद:

आत्ताच सांगा. सभेत लेखी हरकत आली तर विषय पुढे ढकलला जाऊ शकतो. मी बांधकाम विभागात होतो, म्हणून आमच्या बाजूने काय बघितलं जातं ते सांगतो. पहिली भीती पैशांची नसते, पुढच्या जबाबदारीची असते. रस्ता एकदा नोंदवहीत चढला की दुरुस्ती, दिवे, गटार, तिथल्या अपघाताची विचारणा, सगळं कायमचं अंगावर येतं. वरून काळाभोर दिसणारा रस्ता आत पोकळ असतो, हे आम्ही फार पाहिलंय. म्हणून चाचणी खड्डे घ्या, खडीचा थर किती आणि खाली माती कसली ते कळेल. रुंदी मंजूर नकाशाप्रमाणे जागेवर भरते का ते मोजा. बहुतेक ठिकाणी पायऱ्या आणि गाडी चढवायचे उतार रस्त्यात आलेले असतात, ते तुम्ही आधी काढलेत तर अर्धी कटकट संपते. बंद गल्लीच्या टोकाला अग्निशामक गाडी वळते का, हेही विचारलं जाईल.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. डांबराखाली पाणी मुरलं की थर सुटतो, मग कितीही जाड रस्ता करा. मध्यापासून कडेला मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार हवा आणि गटाराला पुढे खरोखर वाट हवी. पाण्याच्या आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या आधी टाकून घ्या, डांबर शेवटी. उलटं केलंत तर वर्षाच्या आत रस्ता उकरला जाईल.

प्रतिसाद:

वरच्या मुद्द्यांत एक भर. "ताब्यात घ्यावा" एवढंच मागू नका. ताबा आणि सुधारणा हे दोन वेगळे निर्णय आहेत. आमच्या भागात ताब्याचा ठराव झाला, अंदाजपत्रकात तरतूदच झाली नाही, आणि रस्ता तसाच पडून राहिला. निवेदनात टप्पे मागा: आधी जागेचं हस्तांतर, मग गटार, मग रस्ता, आणि प्रत्येकाला तरतूद. आणि जागा मूळ मालकाच्या नावावर असेल तर सगळ्यांत आधी त्यांच्याशी किंवा वारसांशी बोला. त्यांच्या सहीशिवाय बाकी सगळं अडेल.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. फाटकाचा विषय रहिवाशांच्या पुढच्याच बैठकीत मांडते आणि वारसांचा शोध लगेच सुरू करते. विभागाकडे संयुक्त पाहणीसाठी अर्ज करायचाय. पाहणीत चाचणी खड्ड्यांची आणि रुंदीची नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी व्हावी, असं त्यात कसं लिहावं? कोणाकडे असा मसुदा असेल तर कृपया इथे द्या.