ओडिशाहून ४० विद्यार्थी सहा दिवस येताहेत. सगळं स्टेजवरच संपू नये म्हणून काय करावं?

गोदाकाठ

मंडळी, ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. त्यातून फेब्रुवारीत ओडिशाचे ४० विद्यार्थी आणि ४ शिक्षक सहा दिवस आमच्या कॉलेजात (नाशिक) मुक्कामाला येणार आहेत. पुढच्या मार्गशीर्षात आमचे तेवढेच जण तिकडे जातील.

समितीचा आराखडा असा आहे: पहिल्या दिवशी उद्घाटन आणि सत्कार, दुसऱ्या दिवशी स्थळदर्शन, तिसऱ्या दिवशी आमची लावणी-लेझीम आणि त्यांचं ओडिसी, चौथ्या दिवशी ‘महाराष्ट्र-ओडिशा ऐतिहासिक संबंध’ यावर व्याख्यान, मग खाद्यमहोत्सव, शेवटी निरोप समारंभ. कागदावर छान दिसतंय. पण सहा दिवसांत आमची मुलं त्यांच्या मुलांशी नक्की किती वेळ बोलणार, हे मोजायला बसलो तर तासभरही भरत नाही.

नेमके बदल सुचवा. पैसे बेताचे आहेत, माणसं भरपूर आहेत.

---

वळचण

तुम्ही मोजायला बसलात तिथंच अर्धं काम झालं. अशा कार्यक्रमात सगळ्यात जास्त बिघडतं ते एका गोष्टीनं: यजमान विद्यार्थी ‘स्वयंसेवक’ होतात आणि आलेले ‘पाहुणे’. आपली मुलं बॅज लावून चहा देतात, खुर्च्या उचलतात, बसमध्ये डोकी मोजतात. ओळख बरोबरीच्या नात्यात होते, वाढप्या आणि जेवणारा यांच्यात होत नाही. त्यामुळे व्यवस्थेसाठी १०-१२ जणांची वेगळी तुकडी ठेवा. ४० जोडीदार विद्यार्थ्यांना व्यवस्थेचं एकही काम देऊ नका.

जोड्या आल्यावर लावू नका. तीन आठवडे आधी दोन्हीकडून नाव, शाखा, आवड आणि बोलता येणाऱ्या भाषा एवढी चार रकान्यांची यादी घ्या आणि एकास एक जोडी लावा. आवडीवरून लावा, शाखेवरून नको. वसतिगृहात चौघांची खोली असेल तर दोन ते आणि दोन आपले. घर जवळ असलं तरी यजमान मुलांनी सहा रात्री कॉलेजातच राहायचं. खऱ्या गप्पा रात्री साडेदहानंतरच होतात आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

रोज सकाळी सलग अडीच तास एकच काम, रोज तेच, आणि शेवटच्या दिवशी त्यातून काहीतरी तयार झालेलं हवं: भिंतीवरचं चित्र, दोनशे शब्दांचा मराठी-ओडिया कोश, वीस मिनिटांचं नाटुकलं, काहीही चालेल. रोज वेगळी कार्यशाळा ठेवलीत तर मुलं रोज नवशिकी राहतात आणि शिकवणाऱ्याकडे बघत बसतात. एकच काम पाच दिवस चाललं की तिसऱ्या दिवशी भांडण होतं आणि चौथ्या दिवशी ते मिटतं. ते भांडण मला मोलाचं वाटतं. शिक्षकांनी मध्ये पडून मिटवू नये.

स्टेजला एकच संध्याकाळ, दीड तास. त्यातही ‘आमचं-तुमचं’ असं आलटून पालटून नको, नाहीतर नकळत सामना सुरू होतो. उद्घाटन चाळीस मिनिटांत उरका. सत्काराच्या शाली-नारळातून वाचलेले पैसे रांगोळी, कागद आणि रंगांवर घाला.

---

ब्राह्मी

चौथ्या दिवसाच्या व्याख्यानाबद्दल कळकळीनं सांगतो, कारण इथं चांगल्या मनानं मोठी चूक होते.

१७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. देवगावच्या तहानं तो इंग्रजांकडे गेला. आपल्याकडे हे ‘मराठ्यांचा झेंडा कटकेपर्यंत’ अशा अभिमानानं सांगितलं जातं. बंगाल-ओडिशात मात्र त्याच काळाची आठवण ‘बर्गी’ या शब्दात उरली आहे. हा आपलाच ‘बारगीर’ शब्द. तिकडे त्याचा अर्थ लुटारू स्वार. वक्ता माईकवर रंगात आला की समोरच्या चाळीस चेहऱ्यांवर काय उमटतंय हे त्याला दिसत नाही. दुसरी बाजूही खरी आहे: पुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला गेला तो मराठ्यांच्याच काळात. दोन्ही सांगा, आणि ओडिशाच्या शिक्षकांना बरोबर बसवून सांगा.

त्याहून मागं गेलात तर पारडं उलटं फिरतं. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर हाथीगुंफेत कलिंगाचा (म्हणजे प्राचीन ओडिशाचा) राजा खारवेल याचा लेख आहे. त्यात तो म्हणतो की, सातकर्णीची (सातवाहन राजाची) पर्वा न करता मी पश्चिमेकडे सैन्य पाठवलं. तुमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहनांचे लेख आहेतच. मुलांना लेण्यात उभं करून तिथंच हाथीगुंफेच्या त्या ओळीचं भाषांतर वाचून दाखवा. कोण कोणावर चालून गेलं याचा हिशेब कुठल्याच बाजूला सोपा राहत नाही.

आणि एक उदाहरण मुख्य विषयासाठीच आहे. अशोकानं कलिंग जिंकल्यावर झालेल्या संहाराचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात कोरवला. तो लेख साम्राज्यात इतरत्र सापडतो, पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, अकरा ते तेरा हे लेख गाळले आहेत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत. त्यातल्या धौलीच्या लेखात तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना, उद्देशून लिहिलंय, ‘सवे मुनिसे पजा ममा’, सगळी माणसं माझी लेकरं. जिंकलेल्या लोकांच्या दारात लाखांच्या मृत्यूचे आकडे कोरायचे नाहीत, एवढं भान त्याला होतं, असं मला यातून दिसतं. त्याच लेखात पुढे हुकूम आहे की हा मजकूर तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून ऐकवावा, अधूनमधूनही ऐकवावा, ऐकणारा एकटाच असला तरी ऐकवावा. सांस्कृतिक राजनयाचा याहून नेमका नमुना मला माहीत नाही: कुठे काय बोलायचं ते ठरवलेलं, आणि परत कधी बोलायचं तेही.

अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही (नालासोपारा) सापडलेत. व्याख्यानाऐवजी धौली आणि सोपारा या दोन ठिकाणांवर तासभर एकत्र वाचन ठेवा.

---

उंबरा

वळचण यांच्या ‘एकच काम पाच दिवस’साठी माझी सूचना: रांगोळी आणि झोटी.

झोटी म्हणजे तांदळाच्या ओल्या पिठीनं जमिनीवर आणि भिंतीवर काढायची नक्षी. तिला चिताही म्हणतात, आणि त्या पिठीला पिठऊ. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, त्यांच्या ‘माणबसा गुरुबार’ला, घरोघरी काढतात: भाताच्या लोंब्या, कमळ आणि दारातून आत येणारी लक्ष्मीची पावलं. आपल्याकडे गौरी आणताना काढतो तशीच पावलं. फरक हातात आहे. रांगोळी चिमटीतून कोरडी सुटते, चुकली तर पुसून पुन्हा काढता येते. झोटीत बोटं पिठीत बुडवून रेघ ओढायची असते. ती ओली असताना पुसट दिसते आणि वाळली की पांढरीशुभ्र होते, म्हणून हात कुठे थांबवायचा हे अंदाजानं कळावं लागतं. रांगोळीत तरबेज असलेली मुलगी पहिल्या दिवशी हमखास जाड रेघ काढते. पाहुणी मुलगी तिचं बोट धरून दाखवते. मला हवा आहे तो हाच क्षण.

साहित्य असं: ३ फूट बाय ३ फूट जागेला वाटीभर (साधारण १५० ग्रॅम) जुना, न उकडलेला तांदूळ. वीस जागांना ३ किलो. चार-पाच तास भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं, फडक्यातून गाळायचं, डोशाच्या पिठाहून पातळ ठेवायचं. घट्ट राहिली तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात, फार पातळ झाली तर रेघ पसरते. पिठी रोज ताजी लागते, दुसऱ्या दिवशी आंबते. कॉलेजच्या गुळगुळीत टाइल्सवर अजिबात नको, तिथं ती धरत नाही. शहाबादी फरशीची खडबडीत बाजू वर करून गेरूचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. गेरू दमट असला की पांढऱ्यात लाल उतरतो. पांढरी रांगोळी १० किलो पुरे.

आता कथांकडे या. मार्गशीर्ष गुरुवार दोन्हीकडे लक्ष्मीचाच. आपल्या पोथीत भद्रश्रवा राजाची राणी सुरतचंद्रिका म्हातारीच्या वेषातल्या लक्ष्मीचा दारात अपमान करते आणि राज्य जातं. ओडिशात वाचतात ते सोळाव्या शतकातल्या बलराम दासांचं लक्ष्मीपुराण. त्यात लक्ष्मी अस्पृश्य मानलेल्या श्रिया चांडाळणीच्या घरी जाते, म्हणून बलभद्राच्या सांगण्यावरून जगन्नाथ तिला घराबाहेर काढतो. मग दोघे भाऊ अन्नाला मोताद होऊन भीक मागत फिरतात आणि अखेर लक्ष्मीच्या हातचं जेवतात. परत येताना ती अट घालते की, इथल्या प्रसादाला जातीचा भेद राहणार नाही. दोन कथा शेजारी ठेवल्या की मुलं आपसूक बोलायला लागतात: इथं माफी मागणारी राणी, तिथं माफी मागणारा देव. चोखोबांचे अभंग माहीत असलेल्या आपल्या मुलांना त्यात बरंच ओळखीचं सापडेल.

फक्त पूजा मांडू नका. गटात सगळ्या धर्मांची मुलं असणार. नक्षी आणि कथा म्हणून करा, ज्याला नको त्याला मोकळीक ठेवा.

---

महानदी

भुवनेश्वरला राहणाऱ्या मराठी माणसाकडून चार गोष्टी.

फलक: ‘ओरिसा’, ‘उडिया’ लिहू नका. २०११ पासून अधिकृत नाव ओडिशा आणि ओडिया. फ्लेक्सवर ओडिया लिपीत मजकूर घालणार असाल तर युनिकोड फाँट वापरा आणि छापण्याआधी तिकडच्या शिक्षकांना फोटो पाठवून होकार घ्या. आपल्याकडच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि फ्लेक्सवाल्याला ते कळत नाही.

भाषा: सुरुवात ‘ळ’पासून करा. हिंदीत नसलेला हा वर्ण मराठी आणि ओडिया दोघींकडे आहे: फळ, बळ, काळ. ओडियात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात, ‘घर’चं ‘घरअ’ होतं. ‘आपण केमिति अछंति?’ म्हणजे आपण कसे आहात. हे आदराचं ‘आपण’ही दोन्हीकडे तेच. रोज पाच वाक्यं, तीही जोडीदाराकडूनच शिकायची. हिंदी-इंग्रजी आपोआप मध्ये येतं, त्याला बंदी नको.

जेवण: दोन्ही वेळा भात हवाच. पहिल्याच रात्री ठेचा-भाकरी आणि काळ्या मसाल्याची तर्री दिलीत तर दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं पोट धरून बसतील. दोन दिवस वरणभात, भाजी आणि मासे ठेवा, भाकरी चवीपुरती. तिसऱ्या दिवशी एकत्र स्वयंपाक: ते डालमा करतील (डाळीतच भाज्या शिजवून वर पंचफुटणाची फोडणी), आपण पिठलं. दोन्ही साध्या घरातले पदार्थ आहेत, खाद्यमहोत्सवाच्या स्टॉलपेक्षा चुलीशी जास्त बोलणं होतं. रसगुल्ल्याला ‘बंगाली मिठाई’ म्हणू नका, ‘ओडिशा रसगोला’ला २०१९ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळालंय.

चौथी सगळ्यात महत्त्वाची, तुमच्या परतभेटीसाठी. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. कार्यक्रमात ‘पुरी दर्शन’ घातलंत तर तुमचा गट सिंहद्वाराशी दोन भागांत तुटेल, आणि बाहेर थांबलेली दोन-तीन मुलं ते विसरणार नाहीत. पुरीला जायचं तर समुद्र आणि जवळचं पटचित्रांचं गाव रघुराजपूर करा. कोणार्क, धौली, उदयगिरी-खंडगिरी सगळ्यांना खुली आहेत. दर्शन ज्याला हवं त्यानं मोकळ्या वेळेत घ्यावं, छापील कार्यक्रमात ते नको.

---

पाडा

एक राहून जातंय. ओडिशा म्हणजे फक्त ओडिसी नाही, आणि महाराष्ट्र म्हणजे फक्त लावणी नाही. ओडिशात ६२ अनुसूचित जमाती आहेत आणि पश्चिमेकडची संबलपुरी बोली-नाच वेगळेच. येणाऱ्यांत कोरापूट, रायगडा, मयूरभंजची मुलं असतील तर ‘तुमचं पारंपरिक’ म्हणून त्यांना किनारपट्टीचं काही करायला लावू नका. यादीत जिल्हा आणि घरची भाषा हेही रकाने घाला.

ओडिशातल्या सौरा जमातीची आणि आपली वारली चित्रं शेजारी ठेवता येतील, नाशिकहून वारली कलाकार बोलावणं अवघड नाही. सौरा चित्रात आधी चौकट आखतात आणि मग आत भरत जातात. वारलीत माणूस टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा. पण सौरांचं इडिताल, म्हणजे भिंतीवरचं चित्र, घरात देवासाठी, पूर्वजांसाठी काढतात. आपल्याकडचा वारल्यांचा लग्नचौकही लग्नातच, सवाशिणींनी काढायचा. त्यामुळे भिंतीवर शेती, मासेमारी, नाच असे विषय घ्या. काय काढायचं नाही हे कलाकाराला आधी विचारा. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या, प्रमाणपत्रावर भागवू नका.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीसमोर आता हे ठेवतोय: उद्घाटन ४० मिनिटं, रोज सकाळी अडीच तास रांगोळी-झोटी, दुसऱ्या दिवशी दुपारी पांडवलेणी आणि तिथंच वाचन, तिसऱ्या दिवशी स्वयंपाक, चौथ्या दिवशी दुपारी वारली-सौरा, पाचव्या संध्याकाळी दीड तास स्टेज. व्यवस्थेची तुकडी वेगळी. पुरी दर्शन आराखड्यातून काढलं.

परतभेट होईपर्यंत नऊ-दहा महिने जातील. तोवर धागा टिकवायला काय करावं? व्हॉट्सॲप ग्रुप पंधरा दिवसांत थंड पडतात.

---

ब्राह्मी

८० जणांचा एक ग्रुप नको, जोडीनं ठरलेल्या तारखा द्या. १ एप्रिल हा उत्कळ दिन. १९३६ मध्ये त्या दिवशी भाषेच्या आधारावर ओडिशा प्रांत झाला. महिन्याभरानं १ मे, आपला १९६० चा. १ एप्रिलला आपल्या मुलांनी फोन करून ओडियात पाच वाक्यं बोलायची, १ मेला त्यांनी मराठीत. पुढची तारीख गौरी आणायच्या दिवसाची: दारातल्या पावलांचा फोटो. मग मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार, तेव्हा तुम्ही तिथं असाल.

---

उंबरा

त्या गुरुवारी पोचायचं असेल तर रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा. मुंबईहून पुणेमार्गे जाणारी कोणार्क एक्स्प्रेस भुवनेश्वरला दीड दिवसानं पोचते, म्हणून मंगळवारीच निघा. आणि जाताना पाच किलो रांगोळी बरोबर घ्या.