'जधअ' म्हणजे नेमकं किती वयाचं जनावर?

शब्दवेध: अरबीत 'जधअ' हा शब्द उंट, घोडा, मेंढी सगळ्यांना लावलेला दिसतो. अर्थ कुठे 'सहा महिन्यांचं कोकरू', कुठे 'दुसऱ्या वर्षातलं', कुठे 'पाचव्या वर्षातलं'. खरं कोणतं? आणि खोडाला 'जिधअ' म्हणतात, त्याच्याशी नातं आहे का?

कोशवाचक: तिन्ही खरे, कारण हे नाव टप्प्याचं आहे. जधअच्या पुढची पायरी 'थनी', म्हणजे समोरचे दुधाचे दात पडलेलं जनावर, मराठीतला 'दुसा'. 'थनी' हे नाव दातावरून पडलं. 'जधअ' मात्र दातावरून नाही, तो फक्त काळ आहे, असं जुने कोशकार बजावून सांगतात. उंट चार वर्षं पुरी करून पाचव्यात गेला की जधअ, घोडा तिसऱ्यात, मेंढी साधारण दुसऱ्यात.

सहा महिन्यांचा अर्थ कुर्बानीच्या नियमांतून येतो. इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी पंथांपैकी हनफी आणि हंबली मतात सहा महिने पुरे झालेली मेंढी चालते. हनफींची अट अशी की ती वर्षाच्या मेंढ्यांत मिसळली तर वेगळी ओळखू येऊ नये. मालिकी आणि शाफई वर्ष धरतात. ही सवलत मेंढीपुरतीच आहे, बकरी थनीच लागते. भाषांतरात इथेच घोळ होतो: 'जधअ' दिसला की सरसकट 'कोकरू' लिहून टाकतात. आधी जनावर कोणतं ते पाहा, मग मजकूर कोणत्या पंथाचा ते.

हिशेबनीस: उंटांच्या जकातीत (मुसलमानांना बंधनकारक असलेल्या दानात) ही चूक महागात पडते. 25 ते 35 उंट असतील तर द्यायची बिन्त मखाद (दुसऱ्या वर्षातली मादी), 36 ते 45 वर बिन्त लबून (तिसऱ्या), 46 ते 60 वर हिक्का (चौथ्या), 61 ते 75 वर जधआ (जधअचं स्त्रीरूप, पाचव्या). वर्षं चांद्र, म्हणजे सुमारे 354 दिवसांची.

धातुपाठ: खोडाबद्दल. जुना अरबी कोशकार इब्न फारिस याने जीम-धाल-ऐन या तीन अक्षरांच्या धातूचे (शब्दमूळाचे) तीन वेगळे मूळ अर्थ मानले आहेत. कोवळं वय हा एक, झाडाचं खोड हा दुसरा. त्यामुळे एकातून दुसरा ओढून काढू नका. कोवळेपणाचा अर्थ माणसालाही लागतो: पैगंबर मुहंमदांच्या पत्नी खदीजा यांचा वृद्ध चुलतभाऊ वरका बिन नौफल त्यांच्या पैगंबरपणाच्या काळाबद्दल म्हणतो, 'त्या वेळी मी जधअ असतो तर!', म्हणजे तरुण. काळाला 'अल-अझलम अल-जधअ' म्हणतात, कारण तो म्हातारा होत नाही. इजिप्तच्या बोलीतला 'गदअ', म्हणजे दिलदार, धाडसी गडी, तोही इथूनच आला. तिथे धालचा दाल झाला, म्हणून तो दालने लिहितात. पण अभिजात कोशात दालखाली शोधलात तर नाक-कान कापण्याचा धातू हाती लागेल. तो निराळा आहे, धालखालीच पाहा.