धाप, खोकला आणि राहून गेलेला दवाखाना : तुमचे अनुभव सांगा

आमचे बाबा बेळगावच्या वडगावात मागावर कापड विणायचे, ३५ वर्षं. रोज सकाळी चालत शहापूरच्या खडेबाजारात पेपर आणायला जायचे. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की वाटेत ते एकदा थांबतात, ओळखीच्या पानपट्टीशी. पुढच्या वर्षी तीनदा थांबायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "माणसं भेटतात गं, बोलायला नको?" मलाही ते पटलं.

मग मंगाईच्या यात्रेला देवळापर्यंत जाता आलं नाही. घरापासून पाच मिनिटांची वाट. एका घराच्या कट्ट्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर रेटलेले, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि शिट्टी मारताना करतात तसे ओठ करून श्वास सोडत होते. असा श्वास कुणी शिकवलेला नव्हता. शरीरानंच शोधून काढला होता.

नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. विडी आणि मागावरची कापसाची धूळ, दोन्हींचा वाटा. डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदा थांबायला कधी लागले?" मी मनात मोजलं. चार वर्षं. जे फुप्फुस गेलं ते परत येत नाही, पण त्याच वर्षी विडी सुटली असती तर पुढचं पुष्कळ वाचलं असतं.

म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार, तुम्ही कुठलेही असा. काय झालं, ते तुम्ही कशावर ढकललंत (वय, हवा, धूळ, चुलीचा धूर) आणि आता मागं बघताना कुठल्या दिवशी डॉक्टरकडं जायला हवं होतं, तेवढं लिहा. एकच विनंती, औषधांची नावं आणि डोस लिहू नका. आपल्याकडं लोक वाचून थेट मेडिकल दुकानात जातात.

निपाणी, पूर्वी वखारीत, आता घरी विड्या

ताई, वखारीत तंबाखू चाळताना खकाणा उडतोच. पदर नाकाला बांधला तरी ठसका येतोय. तिथं खोकत नाही अशी बाईच नाही. त्यामुळं २०२३ ला मला खोकला लागला तेव्हा कुणी म्हणजे कुणी काही म्हटलं नाही. मी पण नाही. महिना झाला, दीड महिना झाला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, रात्री मानेखालची उशी घामानं भिजायची. पोलकी ढगळ व्हायला लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली बारीक झालीस, चांगलं दिसतंय.

बेडक्यात रक्ताची एक रेघ दिसली त्या दिवशी गेले. सरकारी दवाखान्यातली आशा अक्का कन्नड बोलणारी, मला मोडकं कन्नड येतं. खरं 'क्षय' म्हटल्यावर भाषांतर कशाला लागतंय? दोन्हीकडं शब्द एकच. मी रडायला लागले. थोरलीची सोयरीक चालली होती, लोकांना कळलं तर मोडेल एवढंच डोक्यात.

सहा महिने गोळ्या घेतल्या, सगळ्या फुकट. पहिल्या दिवशी लघवी लाल-केशरी झाली आणि मी परत घाबरले. तो गोळीचा रंग असतो, त्यात काही नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतेय. खाण्यासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यावर यायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झालेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, धाकट्यालाही टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत मला एवढं बरं वाटलं की गोळ्या बंद कराव्या वाटल्या. तिथंच खरा धोका असतो. अर्ध्यावर सोडल्या की रोग परत उठतो आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही.

माझा दिवस? खोकल्याचा पंधरावा. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडका तपासायचा, मग तुम्ही वखारीत असा नाहीतर बंगल्यात. थोरलीचं लग्न झालं. तिच्या सासूला सगळं सांगूनच केलं.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

मी फेटलिंगला होतो, १४ वर्षं. ओतलेला माल थंड झाला की त्याला चिकटलेली वाळू काढायची, ग्राइंडर मारायचा. उन्हाची तिरीप पत्र्यातून आत आली की त्यात धूळ चमकताना दिसायची, साखरेसारखी. तोंडाला रुमाल बांधायचो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकात, घशात अडकते. फुप्फुसाच्या तळाला जाते ती दिसत नाही आणि रुमालातून सरळ पार होते.

खोकला, मग जिना चढताना धाप. एक्स-रेवर डाग. टीबी म्हणून औषध सुरू झालं, कोर्स पुरा केला, डाग तसेच. दुसऱ्या डॉक्टरांनी परत टीबीच म्हटलं. तिसरे छातीचे डॉक्टर. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "काम काय करता?" तोपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, पोटापाण्याच्या कामाचा छातीशी काय संबंध?

सिलिकोसिस. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीनं फुप्फुसात गाठी आणि व्रण होतात. बरं होत नाही, काम सोडलं तरी पुढं वाढू शकतं, आणि अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. त्यामुळं बेडका मला अजून अधूनमधून तपासावा लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा रोग कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. म्हणजे निदान झालं की डॉक्टरनं आणि कारखान्यानं सरकारी खात्याला कळवायचं असतं. माझ्या बाबतीत ते घडलं नाही. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कागद, कामाच्या वर्षांचा दाखला, जुने एक्स-रे, सगळं सांभाळून ठेवा रे. मी पहिला एक्स-रे हरवला.

मच्छे, उद्यमबाग भागात हजारो पोरं काम करतायत. मोल्डिंग, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंगला असाल तर धाप लागायची वाट बघू नका. वर्षातून एकदा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी मागून घ्या. आणि कुठल्याही डॉक्टरपुढं बसलात की पहिलं वाक्य कामाचं बोला.

धागा सुरू करणारी

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी बाबांच्या फाइलवर पेननं लिहून ठेवलंय, 'मागावर ३५ वर्षं, विडी'. आता नव्या डॉक्टरांना मी तेच आधी दाखवते.

चिकोडी तालुका, साखर कारखाना

मी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर. हंगामात दिवसा काही वाटायचं नाही. रात्री जेवून पडलो की थंडी वाजून ताप, अंगदुखी, छाती दाबल्यासारखी. सकाळी निम्मं बरं. रजा घेऊन गावी गेलो की चार दिवसांत ठणठणीत, परत कामावर आलो की तेच. फ्लू म्हणून तीनदा औषध घेतलं. बगॅस भिजून बसला की त्यात बुरशीसारखे जीव वाढतात, ती धूळ श्वासात गेली की काही जणांचं फुप्फुस सुजतं, असं शेवटी कळलं. बगॅसोसिस म्हणतात. माझी खूण लक्षात ठेवा: सुट्टीत बरं आणि कामावर आजारी, असं दोनदा झालं की कामावरची हवा डॉक्टरला सांगायची.

कणकुंबीकडची

पावसाळा आमच्याकडं कसला असतो ते जांबोटीच्या पुढं आलेल्यांनाच कळेल. भिंती चार महिने ओल्या. बाळ सात महिन्यांचं होतं. सर्दी, थोडा ताप. सासूबाई म्हणाल्या डबा झालाय, पोट उडतंय, शेक देऊ. पूर्वी पोटावर चटक्याचे डाग द्यायचे, ते नशीब आमच्या घरात बंद झालंय.

आशाताई दुसऱ्याच कामाला आली होती. बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघत बसली. आम्ही सगळे गप्प. ६४ श्वास. "दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, एवढे झाले की न्यूमोनिया धरायचा," म्हणाली. मग बोट दाखवलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जात होती, खळगा पडल्यासारखी. आम्ही त्यालाच पोट उडतंय म्हणत होतो.

१०८ ला फोन केला, रेंज यायला नाक्यापर्यंत जावं लागलं. बेळगावात पाच दिवस ऑक्सिजन आणि इंजेक्शनं. आता बरा आहे, शाळेत जातो. श्वास मोजताना बाळ शांत पाहिजे, रडताना मोजून उपयोग नाही. आणि दूध ओढत नसेल, फार झोपाळलेलं असेल, ओठ निळे दिसले तर मोजत पण बसू नका, निघा.

संकेश्वर, प्राथमिक शिक्षिका

संकेश्वरी मिरचीचं गाव आमचं, उन्हाळ्यात घरोघरी चटणी. कांडपाच्या गिरणीवरून जाताना माझा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा, वाकून बसायचा. छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज. दमा असं सांगितल्यावर मी दोन वर्षं पंप दिला नाही. 'पंपाची सवय लागते' हे मला माझ्याच शाळेतल्या शिक्षकांनी सांगितलं होतं! पातळ औषधं, गोळ्या, रात्री वाफ, सगळं केलं.

एका रात्री त्याला 'आई, पाणी' हे दोन शब्द एका श्वासात म्हणता येईनात. त्याच्या गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होत होता. ती रात्र मी विसरणार नाही.

डॉक्टर मला रागावले नाहीत. कागदावर चित्र काढलं. गोळी पोटात जाऊन सगळ्या अंगात फिरते, पंपाचं औषध थेट नळीत जातं, म्हणून मात्रा फार कमी लागते. सवय लागत नाही. पंप दोन प्रकारचे: एक रोजचा, सूज कमी ठेवणारा, आणि एक धाप लागली की लगेच नळ्या उघडणारा. बहुतेक लोक बरं वाटलं की रोजचा सोडतात आणि फक्त दुसऱ्यावर राहतात, तिथं घात होतो. रोजचा घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. मुलांना पंपाला मोठी नळी, स्पेसर, लावून द्यायचा. आमचे निम्मे फवारे आधी जिभेवरच जात होते.

माझा मुलगा आता तालुक्याला कबड्डी खेळतो. चटणीच्या दिवसांत मी त्याला आत्याकडं पाठवते, तेवढंच.

हल्याळहून

आईला 'दमा' म्हणून दोन वर्षं औषध चाललं. रात्री आडवी झाली की धाप, उठून बसली की बरं. पावलं सुजलेली, बोट दाबलं की खड्डा. ते फुप्फुस नव्हतंच, हृदय होतं. प्रत्येक धाप दमा नसते.

बेळगाव, कॅम्प

वरच्यात माझं पण घाला. पाय मोडून प्लास्टर, तीन आठवडे पडून. एका सकाळी अचानक श्वास पुरेना, छातीत कळ. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. बायकोनं गॅसेस म्हणून सोडा न देता रिक्षा बोलावली, म्हणून आज लिहितोय. एकदम आलेल्या धापेला घरी औषध नाही.

जोयड्याची सून, माहेर खानापूर

माझ्या सासूनं आयुष्यात विडी-तंबाखू तोंडात घेतली नाही, तरी त्यांना ताईंच्या बाबांचाच आजार. ४० वर्षं फुंकणी फुंकली. उज्ज्वलाचा गॅस आला आमच्याकडं, खरं न्हाणीतला हंडा अजून चुलीवरच तापायचा, पावसात ओली लाकडं, आणि न्हाणीला धुराडं नाही. म्हणजे स्वयंपाकघरातला धूर गेला आणि न्हाणीत बसला. सासरे म्हणायचे गॅसवर हंडाभर पाणी म्हणजे पैसे जाळणं. आता धुराडं केलंय, लाकडं उन्हाळ्यात भरून ठेवतो. सासूबाई सकाळी न्हाणीत जातच नाहीत, पाणी मीच बाहेर आणून देते.

धागा सुरू करणारी

किती जणांनी लिहिलंत. रात्री बाबांना वाचून दाखवलं. फाउंड्रीवाल्या दादांचं दोनदा वाचायला लावलं.

ऑक्सिमीटरबद्दल निरोपातून विचारलंय. कोविडपासून घराघरात आहे ते. निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो. ९४ च्या खाली टिकला तर डॉक्टरला दाखवायचं आणि ९० च्या खाली तातडीनं जायचं, असं आम्हाला सांगितलंय. पण बाबांसारख्या जुन्या सीओपीडीवाल्यांचा आकडा वेगळा असतो, तो त्यांच्या डॉक्टरनंच ठरवायचा. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर मशीन चुकतं. आणि आकडा चांगला दिसतोय म्हणून धापणाऱ्या माणसाला घरी ठेवू नका. विडी सोडायची असेल त्यांना १८००-११-२३५६ वर फुकट बोलता येतं. बाबांची विडी तिसऱ्या खेपेला सुटली. पहिल्या दोन खेपांना मी त्यांच्यावर ओरडले होते, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

येळ्ळूर

ताई, सगळं वाचलं. माझी आई २४ दिवस झाले खोकायलीय. मी भाताच्या मळणीच्या धुळीवर ढकललं होतं. आत्ता उशी बघितली, ओली आहे. उद्या सरकारी दवाखान्यात नेतो. बेडक्याचं काय कसं असतं?

धागा सुरू करणारी

दोन नमुने घेतात. एक तिथं गेल्यावर लगेच, एक सकाळचा. डबी तेच देतात. सकाळचा म्हणजे उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरून. दोन-तीन खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग छातीतून खोकून काढायचा, थुंकी नको. खोलीत नको, अंगणात, वाऱ्याला, आणि तुम्ही समोर उभे राहू नका. झाकण घट्ट लावा. तोवर आईंच्या तोंडाला कापड, खिडक्या उघड्या. येळ्ळुरात सकाळी थंडी असते, त्यांना शाल द्या.

निकाल काय आला ते इथंच लिहा. मी बघत राहते.